अंशतः बेकारी आणि सुयोग्य काम
अमेरिकेत बेकारी भत्ता केवळ पूर्णपणे काम सुटलेल्यांनाच मिळतो असे नाही. कामाचे तास घटून ज्याची मिळकत रोडावली, त्यालाही तो अंशतः मिळू शकतो. कॅलिफोर्नियात आठवड्याच्या कमाईतील 25 डॉलर किंवा एकचतुर्थांश, यांपैकी मोठी रक्कम सोडून उरलेली भत्त्यातून वजा होते. म्हणजे 300 डॉलर भत्ता असलेल्याने 200 कमावले, तर 150 वजा होऊनही हाती एकूण 350 पडतात. 'सुयोग्य', म्हणजे अनुभव, प्रकृती, घरापासूनचे अंतर यांना साजेसे काम सबळ कारणाविना नाकारल्यास भत्ता थांबतो. मात्र संपामुळे रिकामी झालेली किंवा प्रचलित दराहून बऱ्याच कमी मजुरीची जागा नाकारल्याबद्दल तो तोडण्यास संघराज्याचा कायदाच मनाई करतो. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण तिच्याविना उपासमारीचा धाक दाखवून बेकाराला संपफोड्या बनवणे सोपे झाले असते.