फोटोवाल्याला नुसता जयभीम नको

नालासोपाऱ्यातला आपला एक तरुण लग्नसराईत लग्नांचे फोटो काढतो. घरभाडे, मुलीची फी आणि कॅमेऱ्याचा हप्ता त्यातूनच भागतो. सुट्टी मिळाली की तो सोपाऱ्याच्या स्तूपाकडे जातो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलेल्या त्या स्तूपाभोवती आज राहणारी माणसे तो टिपतो आहे. हे काम त्याला कोणी सांगितलेले नाही, त्याचे पैसेही कोणी देत नाही. घरचे म्हणतात, ‘एवढ्या वेळात एक ऑर्डर झाली असती.’

हा पेच नवा नाही. सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्रातील नोकरी सांभाळत मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. त्यांना २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकचा ‘ऑल रोड्स’ पुरस्कार आणि २०१६ साली पद्मश्री मिळाली. पण सन्मान नंतर आले, पगार आधीपासून होता. म्हणून लग्नाच्या ऑर्डरीला कोणी कमी लेखू नये. पोटाचे काम चालते, तेव्हाच मनाचे काम तगते.

मग हा तोल बिघडवतो कोण? स्पष्ट बोलायचे तर आपणच. १४ एप्रिलचा कार्यक्रम असो की परिषद, मंडपवाल्याला पैसे, साऊंडवाल्याला पैसे आणि फोटोवाल्याला नुसता ‘जयभीम’! ‘तू तर आपलाच आहेस ना?’ पुढे तोच फोटो नेत्याच्या बॅनरवर झळकतो, काढणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते.

वकील म्हणून कायदा सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्या ग्राहकाचा. पण नोकरीबाहेर, स्वतःहून वा फुकट काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचाच. लेखी दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कलम ५७ प्रमाणे ‘हा फोटो माझा’ असे सांगण्याचाही अधिकार आहे.

तेव्हा तरुणांनो, काम घेताना दोन ओळींचा का होईना, करार करा. न वाचता सगळे हक्क लिहून देऊ नका. आपल्या मनाच्या कामातील प्रत्येक फोटोवर तारीख, ठिकाण नोंदवा आणि त्याची प्रत दोन ठिकाणी जपा. उद्या तोच आपल्या वस्त्यांचा दस्तऐवज ठरेल.

आणि कार्यकर्त्यांनो, कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात फोटोवाल्याचे मानधन लिहा, फोटोखाली त्याचे नाव छापा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच जयंतीला आपल्या माणसाची मजुरी बुडवणे आपल्याला शोभते काय?