जुन्या जीपचा डायनामो जागा कसा करावा?

एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा मळ्यातल्या छपराखाली जुनी लष्करी जीप उभी असते. वर्षानुवर्षे तिला कोणी हात लावलेला नसतो. मग कोणाच्या तरी मनात येते, सुरू करून पाहू. इंजिन सुरू होते, पण बॅटरी काही भरत नाही. लगेच शेजारचा म्हणतो, "डायनामो गेला, भंगारात टाका." थांबा! पुष्कळदा तो गेलेला नसतो. आपले चुंबकत्व विसरलेला असतो.

१९४१ ते १९४५ या युद्धकाळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी अशा सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. युद्धानंतर त्या जगभर पांगल्या, आपल्याकडेही आल्या. त्यांची बॅटरी सहा व्होल्टची आणि तिची ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली. आजच्या गाडीत अल्टरनेटर असतो, या जीपला डायनामो आहे.

हा डायनामो वीज कशी करतो? चुंबकामध्ये तारेचे वेटोळे फिरले की तारेत वीज उत्पन्न होते. पण इथला चुंबक कायमचा नव्हे. लोखंडाभोवती तार गुंडाळून तो केलेला असतो, आणि त्या तारेला वीज पुरवतो खुद्द डायनामोच! मग आरंभ कोठून व्हायचा? लोखंडात मागच्या खेपेचे किंचित चुंबकत्व उरलेले असते. त्यातून थोडी वीज, त्या विजेने चुंबक जोरदार, त्यातून अधिक वीज. दुधाला विरजण लागते ना, तसेच हे! जर्मनीतील वेर्नर सीमेन्स यांनी १८६६ साली हे तत्त्व यंत्रात उतरवले. गाडी फार वर्षे उभी राहिली, तर हे विरजणच संपून जाते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. लोखंडी खिळ्यावर लाखेच्या तारेचे वेढे द्या आणि टोके टॉर्चच्या सेलला लावा. टाचण्या चिकटतील. तार सोडली तरी एखादी टाचणी लोंबत राहते. तेच उरलेले चुंबकत्व. खिळा दोनचार वेळा आपटा, म्हणजे तेही जाते.

आता जीपकडे वळू. विरजण लावण्याआधी भांडे स्वच्छ हवे. प्रथम बॅटरीची तार सोडा. उंदरांनी कुरतडलेल्या, वेष्टन तडकलेल्या तारा बदला. डायनामोतले कार्बन आपल्या घरात मोकळे सरकतात का, पाहा. ज्यावर ते टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील, तर बारीक काचकागदाने पुसा. एमरी कागद वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत रुततात. रेग्युलेटरच्या बैठकीखालचा गंज व रंग खरवडा. पट्टा ताणून घ्या.

मग भरलेली बॅटरी लावा. जवळ विडी पेटवू नका, बॅटरीतून निघणारा वायू भडकतो. इंजिन बंद असताना एका तारेचे टोक रेग्युलेटरच्या बॅटरीच्या खुंटीला धरा आणि दुसरे टोक आर्मेचरच्या खुंटीला क्षणभर टेकवून लगेच उचला. टिचकी वाजवावी इतकाच वेळ. ठिणगी उडाली की विरजण लागले!

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही रीत या जीपच्या मूळ डायनामोची आहे. काही डायनामोंची जोडणी निराळी असते, तेथे असे केल्यास रेग्युलेटर जळतो. म्हणून आधी गाडीचे पुस्तक पाहा, नाहीतर जाणत्या मेस्त्रीला विचारा. दुसरे म्हणजे, बॅटरी उलटी जोडून हे केले, तर डायनामो उलटी वीज करू लागतो आणि रेग्युलेटरमधल्या कटआउटची टोके जळतात.

आता इंजिन सुरू करून थोडे वाढवा. अँपमीटरचा काटा चार्जच्या बाजूला झुकला की समजा, डायनामो जागा झाला. मात्र इंजिन बंद केल्यावर काटा एकदम डिस्चार्जकडे पडला, तर कटआउट चिकटले आहे. तत्काळ बॅटरीची तार काढा, एरवी तारा पेटतील आणि गाडी हातची जाईल.

सारे ठीक झाले, म्हणजे खिळ्याचा तो प्रयोग मुलांना जीपजवळच दाखवा. खिळ्यातले आणि डायनामोतले चुंबकत्व एकच, हे त्यांना लगेच उमगेल.