'तुला एवढंही माहीत नाही?'

काही बायकांशी बोलताना आपण गप्पा मारतोय की तोंडी परीक्षा देतोय, तेच कळत नाही. आपण सहज म्हणावं, 'यंदा कैऱ्या लवकर आल्या गं,' की लगेच हवामानावर व्याख्यान सुरू! वर 'तुला एवढंही माहीत नाही?' आहेच. अशा बाईला 'दीडशहाणी' म्हणून आपण मोकळ्या होतो, तिला टाळायला लागतो. पण नुकसान तिच्या एकटीचं होत नाही.

उरणजवळच्या जासईत एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. जासई म्हणजे दि. बा. पाटलांचं गाव. सिडकोसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. संक्रांत आणि हा स्मृतिदिन लागूनच येतात, त्यामुळे तिळगूळ वाटताना विषय निघालाच. भिंतीला टेकून बसलेल्या सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी मी..."

तेवढ्यात एका पदवीधर सूनबाईंनी वाक्य उचललं. तारखा, कायदा, टक्केवारी, सगळं धडाधड! आजींनी पुन्हा, "आमच्या घरात तवा..." म्हणून पाहिलं, तर "नाही हो आजी, ते दुसऱ्या दिवशी!" अशी दुरुस्ती. असेलही बरोबर. पण आजी मग वाणाची वाटी पदराने पुसत बसल्या. हळूहळू बायका चपला शोधायला लागल्या.

मला त्या सुनेचा राग नाही आला, खरंच. 'आज भाजी काय?' यापलीकडे घरात तिला कुणी काही विचारत नसेल, तर शिकलेलं कुठेतरी उतू जाणारच. पण तारखा पुस्तकात मिळतात हो. आजींकडचं कुठल्या पुस्तकात शोधायचं?

गर्दी पांगल्यावर यजमानीण वहिनींनी आजींना एवढंच विचारलं, "आजी, त्या दिवशी चूल पेटली होती का?" आणि आजी बोलत सुटल्या. पहाटे थापलेल्या भाकऱ्या, घरातल्या पुरुषांचा पत्ता नाही, रस्त्यावर गाडी वाजली की दाराशी धावणाऱ्या जावा. दोन दिवस त्या टोपलीला कुणी हात लावला नाही. शेवटी भाकऱ्या म्हशीला घातल्या.

ऐकायला आम्ही तिघीच उरलो होतो.