माशांच्या कल्ल्यांची परीक्षा

पिंपरीच्या बाजारांत रोहू घेतांना आपण कल्ल्याचें झांकण उचलून पाहतों. आंत लाल दिसलें म्हणजे मासा ताजा. हीच परीक्षा जिवंत माशावर केली, तर त्याचा रोग कळतो. कल्ले म्हणजे माशाचीं फुफ्फुसें. पाण्यांतला प्राणवायु त्यांच्या नाजूक तंतूंतून रक्तांत जातो.

टास्मानियांत समुद्रांतील पिंजऱ्यांत सॅल्मन मासे पाळतात. १९८० नंतरच्या दशकांत तेथें त्यांच्या कल्ल्यांना एक अमीबा जडूं लागला. त्यानें कल्ल्यांवर पांढरे, बुळबुळीत चट्टे उठतात. म्हणून ठराविक दिवसांनीं थोडे मासे गुंगी देऊन तपासतात व ० ते ५ असे गुण देतात. ० म्हणजे निर्मळ कल्ला. ५ म्हणजे अर्ध्याहून अधिक व्यापलेला. गुण चढतांच माशांना कांहीं तास गोड्या पाण्यांत ठेवतात.

आपल्या तळ्यांतील रोहू-कटल्यांना हा सागरी अमीबा जडत नाहीं. पण कल्ल्यांतले कृमी व जिवाणू जडतात, आणि सांडपाण्यानें प्राणवायुही घटतो. मासे वर येऊन हवा गिळूं लागल्यावर जागें होणाऱ्याचें वर्षाचें उत्पन्न एका रात्रींत जाऊं शकतें. म्हणून पवना-इंद्रायणीकांठच्या मत्स्यपालकानें नियमानें कल्ले पाहावे, नोंद ठेवावी, आणि फिकटपणा किंवा चट्टा दिसतांच तंतूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्यावा. कारण कृमींचा उपाय निराळा, जिवाणूंचा निराळा.