लखोटा कोणाच्या कुलपात? (लेखांक सातवा)

पत्र कूटबद्ध करून धाडण्याची रीत गेल्या लेखांकात पाहिली. आता, धाडलेले पत्र ज्याच्या हाती पडले त्यालाच ते उलगडेना, तर दोष कोठे शोधावा, याचा विचार करणे प्राप्त आहे.

अमेरिकेत अल्मा व्हिटन आणि टायगर या दोन संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ईमेलच्या रोजच्या व्यवहारात मुरलेल्या बारा जणांना पीजीपी ५.० ही पत्रे कूटबद्ध करणारी प्रणाली देऊन, नव्वद मिनिटांत एक गुप्त मजकूर सहकाऱ्यांस धाडण्याचे काम सांगितले होते. आणि त्या बारांपैकी सात जणांनी तो मजकूर सहकाऱ्यांच्या नव्हे, तर केवळ स्वतःच्याच सार्वजनिक किल्लीने बंद करून रवाना केला. ही माणसे अडाणी नव्हती. माझ्या मते दोष त्या 'किल्ली' या नावाचा आहे. जी आपण जगजाहीर करतो ती वस्तुतः किल्ली नसून उघडे कुलूप होय: ते कोणीही घेऊन आपल्या नावाच्या लखोट्यावर दाबून बंद करावे, आणि उघडण्याचा अधिकार मात्र आपल्याजवळच्या खाजगी किल्लीस असावा, अशी ही व्यवस्था आहे. ज्याने स्वतःचेच कुलूप लखोट्यास घातले, त्याने तो स्वतःसाठीच बंद केला.

सुदैवाने बंद लखोटाही आपले गाऱ्हाणे सांगतो. मजकूर एका तात्पुरत्या किल्लीने बंद होतो, ती तात्पुरती किल्ली सार्वजनिक किल्लीने बंद होते, आणि ती सार्वजनिक किल्ली कोणती, याचा सोळा अक्षरांचा क्रमांक सामान्यतः पत्राच्या आरंभीच उघडपणे नोंदलेला असतो. पीजीपीच्याच जातीच्या ग्नूपीजी या प्रणालीत 'लिस्ट-पॅकेट्स' ही आज्ञा दिली की तो दिसतो. म्हणून 'नो सीक्रेट की' हा शेरा वाचून यंत्रास बोल लावण्याआधी हा क्रमांक आपल्या दप्तरातील किल्ल्यांशी ताडून पाहावा. मात्र मुख्य किल्लीशी नव्हे, तर तिच्या पोटातील, मजकूर बंद करण्यासाठी नेमलेल्या उपकिल्लीशी, कारण दोहोंचे क्रमांक भिन्न असतात आणि येथेच पुष्कळांची दिशाभूल होते.

क्रमांक आपल्या जुन्या किल्लीचा निघाला, तर जुनी खाजगी किल्ली शोधावी. मुदत संपल्याने किंवा ती रद्द केल्याने तिच्याने नवी पत्रे बंद करणे थांबते, जुनी उघडण्याची तिची शक्ती जात नाही. तेव्हा ती पुसून टाकणे म्हणजे आपल्याच दप्तरखान्याचे दार कायमचे चिणून घेणे होय. क्रमांक आपलाच असूनही पत्र उघडेना, तर किल्ली दुसऱ्या पेटीत असण्याचा संभव आहे: थंडरबर्ड या ईमेलच्या प्रणालीने २०२० सालच्या ७८ व्या आवृत्तीपासून स्वतःचा निराळा किल्लीसंग्रह ठेवला असल्याने, ग्नूपीजीतील किल्ली तेथे आपोआप पोहोचत नाही.

क्रमांक धाडणाऱ्याचाच निघाला, तर त्या पत्रावर आपला काहीच इलाज चालत नाही. अशा वेळी "तुमची खाजगी किल्लीच पाठवा" असे लिहिण्याचा मोह होतो, आणि समोरचा भिडेस्तव ती पाठवतोही. वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, हे कदापि करू नये. एका पत्रापायी त्या माणसाचा सारा गतपत्रव्यवहार उघड्यावर पडतो. पत्र वाया गेलेले नसते, धाडणाऱ्यास ते स्वतः उघडता येते. त्याने ते उघडून, स्वतःच्या नव्हे तर ज्यास ते वाचायचे आहे त्याच्या सार्वजनिक किल्लीने पुन्हा बंद करून धाडावे, आणि तत्पूर्वी त्या किल्लीच्या ठशाची, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या 'फिंगरप्रिंट'ची, चाळीस अक्षरे उभयतांनी टेलिफोनवर एकमेकांस वाचून दाखवावीत.