समुद्रतळाची नांगरट आणि मातीतील कर्ब

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुका समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील शेतकऱ्याचा नित्याचा संबंध येतो तो काळ्या जमिनीशी, सोयाबीन व तुरीशी आणि मृगाच्या पावसाशी. असे असले तरी समुद्रतळासंबंधी आज शास्त्रज्ञांत जो प्रश्न चर्चिला जात आहे, तो समजून घेण्यास कोरडवाहू शेतकरी सर्वथा समर्थ आहे; कारण हा प्रश्न मुळात नांगरटीचा आहे. जमीन वारंवार हलविली असता तिच्यातील सेंद्रिय कर्बाचे व तिच्यात राहणाऱ्या जीवांचे काय होते, एवढाच तो प्रश्न. फरक इतकाच की, ही जमीन पाण्याखाली आहे.

शेतातील अनुभव

पालापाचोळा, मुळ्या व शेणखत कुजून जमिनीत सेंद्रिय कर्ब साठतो. त्याच्या योगाने जमीन भुसभुशीत राहते व ओल धरून ठेवते. माती-परीक्षणात हे प्रमाण ०.४० टक्क्यांहून कमी आढळल्यास जमीन कर्बाच्या दृष्टीने गरीब समजली जाते. वारंवार खोल नांगरट केली म्हणजे मातीत हवा खेळते, सूक्ष्म जंतूंचे कार्य वाढते आणि साठलेला कर्ब वायुरूपाने निघून जातो. उताराच्या शेतातून तो पावसाच्या पाण्याबरोबर वाहूनही जातो.

हे वाहून गेलेले द्रव्य कोठे जाते? वाशीम जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा नदी अकोला जिल्ह्यात पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस मिळते आणि तापी अरबी समुद्रास. वाटेत महान येथील धरणात पुष्कळ गाळ अडतो. तथापि नद्यांनी आणलेला गाळ अखेर समुद्रतळाशी जाऊन बसतो, हा निसर्गाचा क्रमच आहे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती व प्राणी मेल्यावर त्यांचे अवशेषही तेथेच बसतात. चिखलाच्या तळात काही सेंटिमीटरखाली प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावते व कर्ब दीर्घकाळ दडून राहतो. रेताड तळापेक्षा चिखलाच्या तळात तो अधिक असतो आणि मुंबईसमोरील उथळ समुद्राचा तळ बव्हंशी चिखलाचाच आहे.

तळ खरवडणारे जाळे

यांत्रिक नौकेमागून तळाशी ओढल्या जाणाऱ्या पिशवीसारख्या जाळ्यास ट्रॉल म्हणतात. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन बाजूंस जड फळ्या असतात. खालचा दोर वजनदार असून तो तळास घासत जातो. वाटेत आलेली कोळंबी, माकुळ व मोठी मासळी पिशवीत शिरते. त्यांबरोबर पिल्ले, खेकडे, शिंपले व तळातील इतर जीवही येतात. भारतात या पद्धतीचा प्रसार होण्यास १९५३ साली केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाचे मोठे साहाय्य झाले. कोळंबीची निर्यात वाढली व अनेक कुटुंबांस रोजगार मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे.

या जाळ्याच्या परिणामांविषयी जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. साधे ट्रॉल जाळे तळात सरासरी २.४ सेंटिमीटर रुतते व एका फेरीत तेथील सुमारे ६ टक्के जीवभार नष्ट करते, असे त्यात दिसून आले. पाण्याच्या फवाऱ्याने तळ उकरणाऱ्या अवजाराने हेच प्रमाण ४१ टक्क्यांपर्यंत जाते. तळ पूर्ववत होण्यास सुमारे २ ते ६ वर्षे लागतात. मशागतीच्या मानाने २.४ सेंटिमीटर ही खोली अल्प वाटेल. परंतु समुद्रतळातील बहुतेक जीव याच वरच्या थरात राहतात आणि एकाच जागी जाळे वर्षातून अनेक वेळा फिरू शकते.

कर्बाचा हिशेब

तळ ढवळला गेला म्हणजे दडलेल्या कर्बास प्राणवायू मिळून त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हे प्रमाण किती, याबद्दल मात्र मतभेद आहेत. २०२१ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने ट्रॉलच्या पहिल्या वर्षात जगात सुमारे १४७ कोटी टन कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात मिसळतो, असा अंदाज मांडला. २०२३ साली इतर तज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला. तळातील पुष्कळसा कर्ब सहज न कुजणारा असतो. तो सहज कुजेल असे धरल्याने आकडा कित्येक पटींनी फुगला, असे त्यांचे म्हणणे होते. ४९ अभ्यासांच्या २०२२ सालच्या आढाव्यात ६१ टक्के अभ्यासांत लक्षणीय फरक आढळला नाही, २९ टक्के अभ्यासांत कर्ब घटलेला आढळला, तर १० टक्क्यांत तो वाढलेला आढळला.

यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कर्बाची हानी तळाच्या प्रकारावर अवलंबून असते. सर्व समुद्रास एकच आकडा लावता येत नाही. तळातील जीवांची हानी मात्र निर्विवाद आहे. कर्बाचा हिशेब पुरा होईपर्यंत जीवांच्या रक्षणाचे उपाय थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

मुंबईच्या शेवंडीचा धडा

वाळूत व चिखलात राहणारी चपटी शेवंड एके काळी मुंबईच्या ट्रॉलरांना चांगली मिळत असे व तिला निर्यातीत भाव होता. या जातीची मादी अंडी पोटाखाली बाळगते. अशा अंडीधारी माद्याही जाळ्यात येत गेल्या. बियाणेच विकून टाकल्यावर पुढील हंगामात पेरणार काय? १९९४ सालापर्यंत हा व्यवसाय जवळजवळ बुडाला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नियतकालिक नोंदींवरून ही घटना प्रकाशात आली.

योजलेले उपाय

महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला व २०२१ साली त्यात सुधारणा केली. पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या काळात, यांत्रिक नौकांस मासेमारी बंद ठेवावी लागते. दोन नौकांनी मिळून जाळे ओढण्यास केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरविली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर व बोंबलासाठी १८० मिलिमीटर आहे. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीस चौकोनी आस ठेवण्याची शिफारस कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने केली आहे. नेहमीची तिरकी आस ताण बसताच मिटते. चौकोनी आस उघडी राहते व पिल्ले निसटून जातात.

गावपातळीवर करावयाचे कार्य

मालेगावच्या शेतकऱ्यास समुद्रावर जावयाचे नाही. तरीही या विषयातून त्यास पुढील गोष्टी घेता येतील.

१. नांगरट सवयीने न करता गरजेपुरती करावी. माती-परीक्षण पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा दर परीक्षणास नोंदवून मागील आकड्याशी ताडून पाहावा. पिकाचे अवशेष जाळू नयेत. ते जमिनीतच कुजू द्यावेत.

२. उताराच्या शेतात पेरणी व मशागत उतारास आडवी करावी व बांध दुरुस्त ठेवावेत, म्हणजे माती नदीस जाणार नाही.

३. गावतलावात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडल्यास मोठ्या आसाची जाळी वापरावी व विक्रीयोग्य वजनाआधी मासळी काढू नये.

४. ट्रॉलमध्ये आलेली बारीक मासळी पुष्कळदा वाळवून कोंबडी-खाद्याची भुकटी करण्यास जाते. कुक्कुटपालकांनी खाद्यातील प्रथिनांसाठी सोयाबीनच्या पेंडीचा विचार करावा; ती आपल्याच पिकापासून मिळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय सभेत मांडताना फुगविलेले आकडे सांगू नयेत. वर्षानुवर्षे साठलेला कर्ब थोड्या दिवसांच्या अविचारी मशागतीने खर्ची पडतो आणि तो पुन्हा साठविण्यास पुष्कळ हंगाम जातात, ही गोष्ट शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाहिलेली असते. तेथून प्रारंभ केल्यास समुद्रतळाची गोष्ट त्यास परकी वाटणार नाही.