बडा दिन आणि कुटकीची पेज

डिसेंबर लागला की आमच्या घरी करंज्यांचा घाट सुरू होतो. आईचे माहेर धारवाडकडचे, त्यामुळे ती त्यांना ‘करजिकाई’ म्हणते. पप्पा अस्सल बेळगावकर, त्यांच्या तोंडी ‘करंजी’. नाव काही का असेना, डबा एकच! दिवाळीत शेजाऱ्यांकडून फराळाची ताटे येतात, त्यांची परतफेड नाताळात करायची, हा आमच्या गल्लीचा जुना शिरस्ता. बारा घरी ताटे पोचवायचे काम लहानपणापासून माझ्याकडे. फक्त एका नाताळाला ती ताटे पोचवायला मी नव्हतो. त्या नाताळाची ही आठवण.

साल होते १९९८. मी तेवीस वर्षांचा, नुकताच बी.ए. झालेला. आमच्या मंडळीतर्फे तरुणांना एका वर्षाच्या सेवेसाठी बाहेरगावी पाठवत असत. माझ्या वाट्याला आला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. बैहर तालुक्यातल्या एका खेड्यात मुलांच्या वसतिगृहात राहायचे, संध्याकाळी गणित शिकवायचे आणि रविवारी उपासनेला पेटी वाजवायची, एवढेच काम. पण गावाने मला पहिल्याच आठवड्यात ‘मिशनरी’ करून टाकले. खरे सांगायचे तर मलाही तो शब्द मनातून आवडला होता. आपण कुणाला तरी काहीतरी द्यायला निघालो आहोत, असे त्या वयात वाटतेच.

गोंदियाला मोठी गाडी सोडली आणि ‘छोटी लाईन’ पकडली. गोंदिया ते जबलपूर ही नॅरोगेज गाडी तेव्हा भाताच्या खाचरांतून डुलत डुलत जायची. आता तिथे ब्रॉडगेज झाली आहे. बालाघाटच्या बाजारात मराठी कानावर पडले तेव्हा जिवात जीव आला. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा. पलीकडे गोंदिया-भंडारा, त्यामुळे बोलीत मराठी, हिंदी आणि पोवारी अशी सरमिसळ. आपल्यासारखाच सीमेवरचा मुलूख! आणि एक योगायोग पाहा. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी राज्यांच्या सीमा बदलल्या. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये आले आणि नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले. जुन्या मध्य प्रांतातला बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणे म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना सांगावे लागत नाही.

बालाघाटहून बसने घाट चढून बैहरकडे गेलो की मात्र मराठी मागे पडते. साल आणि बांबूचे रान, गोंड आणि बैगांची गावे, आणि डिसेंबरात हाडे गोठवणारी थंडी. नाताळला तिथे कुणी नाताळ म्हणत नाही, ‘बडा दिन’ म्हणतात. आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. तो घाटापलीकडे पोचलाच नव्हता.

वीस डिसेंबरच्या सुमारास वसतिगृहाची मुले सुट्टीला गेली. उरलो मी आणि तिथले वयस्क गुरुजी. तेही दोन दिवसांनी लेकीकडे गेले. जाताना एक जुने इंग्रजी पुस्तक हातात ठेवून म्हणाले, ‘‘इसमें आपका एक मराठी आदमी भी है.’’ पुस्तकाचे नाव ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’, लेखक व्हेरियर एल्विन. १९३६ साली निघालेले हे पुस्तक म्हणजे एका गोंड गावात राहिलेल्या तरुण मिशनऱ्याची दैनंदिनी. त्यातला तो मराठी माणूस म्हणजे शामराव हिवाळे.

एल्विन १९०२ सालचा, एका बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला. १९२७ मध्ये तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला. तिथेच त्याला शामराव भेटले. अहमदनगर कॉलेजचे संस्थापक भास्कर पांडुरंग हिवाळे हे शामरावांचे थोरले भाऊ. एल्विन गांधीजींच्या सहवासात आला, आणि सरदार पटेल व जमनालाल बजाज यांच्या सांगण्यावरून त्याने आदिवासींत काम करायचे ठरवले. जानेवारी १९३२ मध्ये हे दोघे मैकल डोंगरातल्या करंजिया गावी जाऊन राहिले. हे गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते डिंडोरी जिल्ह्यात आहे. मी बसलो होतो त्याच डोंगररांगेत! (पुढे आईला हे नाव सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘करंज्यांच्या गावाला गेलास, आणि तुला करंजी काही मिळाली नाही!’’)

गंमत अशी, की या मिशनऱ्याला त्याच्या चर्चनेच मिशनरी मानले नाही. तो गांधीजींचा, म्हणून सरकारला नकोसा. राजनिष्ठेची शपथ घ्यायला तयार नाही, म्हणून नागपूरच्या बिशपांनी त्याला धर्मकार्याचा परवाना दिला नाही. त्याचेही मन हळूहळू बदलत होते. गोंडांना ख्रिस्ती करायचे नाही, असे त्याने ठरवले. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी घर ही कामे तेवढी चालू राहिली. गावकरी त्याला ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. अखेर १९३५ मध्ये एल्विनने चर्चच सोडले. पुढे त्याने बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला (१९३९), १९५४ मध्ये तो भारताचा नागरिक झाला, १९६१ मध्ये त्याला पद्मभूषण मिळाले. शामरावांनी ‘छोटा भाई’ राहूनच काम केले, आणि गोंडांची गाणी-कथा सांभाळणाऱ्या परधानांवर १९४६ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. मोठ्या नावाच्या सावलीत राहिलेला हा आपला मराठी माणूस आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

कंदिलाच्या उजेडात हे वाचताना मी चक्रावून गेलो. द्यायला आलेला माणूस घेऊनच गेला होता! एल्विन आपल्या श्रद्धेपासून दूर गेला, मला तसे जायचे नव्हते. पण तो ज्या प्रश्नाशी अडखळला, तो प्रश्न आता माझ्याही खाटेशी येऊन बसला. मी इथे कशाला आलो आहे?

पंचवीस तारखेला सकाळी उठलो. गावात ख्रिस्ती घरे चारच. ती मंडळी बालाघाटला मोठ्या उपासनेला गेलेली. वसतिगृहाच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मी मागे. एकट्यानेच प्रार्थना केली. पेटी काढली, पण दोन ओळींपुढे आवाज फुटेना. डोळ्यांपुढे आमची गल्ली, ताटांवरचे विणलेले रुमाल, आणि ‘‘सांडू नकोस रे,’’ म्हणणारी आई.

तेवढ्यात गावचे म्हातारे मुकद्दम दारात आले. गोंड, देवाला मानणारे, पण माझ्या देवाशी त्यांचा काही संबंध नव्हता. विचारले, ‘‘आज तुम्हारा बडा दिन है ना? घर क्यों नहीं गए?’’ मी सेवा, कर्तव्य असे काहीतरी बोललो. त्यांना ते पटले नसावे. सणाला माणूस घरी जातो, जात नसेल तर त्याला घर नसणार, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी माझा हात धरला आणि मला आपल्या घरी नेले.

चुलीपाशी बसवून त्यांच्या म्हाताऱ्या बायकोने पुढ्यात एक वाडगा ठेवला. ‘‘पेज है,’’ ती म्हणाली. मी चमकलो. आजारपणात आई देते ती पेज! शब्द तोच. आपली तांदळाची, त्यांची कुटकीची, एवढाच फरक. तीन महिन्यांत पहिल्यांदा घरचा शब्द कानी पडला होता. माझे डोळे भरून आले. म्हातारीला वाटले, धूर लागला. तिने चुलीतले ओले लाकूड मागे ओढले.

मुकद्दमांनी मग मुद्द्याचेच विचारले, ‘‘हमको भी ईसाई बनाओगे?’’ काय उत्तर द्यावे? या मुलखात हा प्रश्न जुना आहे. १९५६ मध्ये नियोगी समितीने मिशनऱ्यांच्या कामाविषयी कठोर अहवाल दिला होता. जबरदस्तीने किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध मध्य प्रदेशात १९६८ साली कायदा आला. त्याची जागा पुढे २०२१ च्या कायद्याने घेतली. म्हाताऱ्याला कलमे ठाऊक नव्हती, पण शंका ठाऊक होती. मी चाचरत म्हणालो, ‘‘मैं तो गणित सिखाने आया हूँ.’’ ते मनापासून हसले. ‘‘ठीक है. पहले पेज पी लो.’’

दोनच दिवसांनी रेडिओवर बातमी आली. गुजरातच्या डांग जिल्ह्यात नाताळच्या दिवसापासून प्रार्थनागृहांवर हल्ले सुरू झाले होते. मी बैहरला जाऊन एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. आई आधी मराठीत बोलली. जेवलास का, स्वेटर घालतोस का. मग मध्येच गप्प झाली, आणि कन्नडमध्ये एवढेच म्हणाली, ‘‘मनिगे बा.’’ घरी ये. आई घाबरली की तिची माहेरची भाषा वर येते. यंत्रावरचे आकडे पळत होते आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता.

परत आलो ते बॅग भरायचे ठरवूनच. त्या रात्री अंगणात आवाज आला. दार उघडले तर शेकोटी पेटलेली, आणि वसतिगृहाच्या ओसरीवर मुकद्दमांचा मुलगा आणि शेजारचा एक बैगा गडी घोंगड्या पांघरून बसलेले. त्यांनी बातमी ऐकली होती. मी बोलावले नव्हते, त्यांनीही काही समजावले नाही. ‘‘मेहमान हो,’’ एवढेच म्हणाले. आठवडाभर ते ओसरीवर झोपले. मी बॅग भरली नाही.

जानेवारीत, २२ तारखेच्या रात्री, ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारले गेले. पप्पांचे पोस्टकार्ड आले : ‘निर्णय तुझा. फक्त त्या लोकांना ओझे होऊ नकोस.’ ते वाक्य मी पुढचे सगळे महिने जपले. वर्ष पूर्ण करून मे महिन्यात घरी परतलो.

आता पन्नाशी गाठली. मागे वळून पाहताना आपल्याकडे आलेले जुने पाहुणे आठवतात. थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला, म्हणजे दोन महिन्यांत त्याचा परमुलखातला पहिला नाताळ. फर्डिनांड किटेल १८५३ मध्ये मंगळूरला आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्या मुलांनाही घर आठवले असेलच. पण एकाने आपल्या मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, दुसऱ्याने कन्नडला १८९४ मध्ये थोर शब्दकोश दिला. ज्यांच्या दारी आलो त्यांची भाषा आधी शिकायची, त्यांच्या ताटातले आधी खायचे. मला वाटते, देणे त्यानंतरच सुरू होते. मी कुटकीची पेज प्यालो त्या दिवशी माझी सेवा सुरू झाली. तोवर मी फक्त हजेरी लावत होतो.

आई आता थकली आहे. तरी नाताळच्या सकाळी, करंज्यांचा डबा उघडण्याआधी, ती थोडीशी पेज शिजवते. कुटकीला तिच्या माहेरी ‘सावे’ म्हणतात. अन् गल्लीतली ताटे बाराची तेरा झाली आहेत. कोपऱ्यावरच्या इमारतीत शिकायला आलेली लांबची मुले राहतात. सुट्टीत घरी न गेलेला त्यांतला कुणी दिसला, की आई गॅलरीतून विचारते, ‘‘सणाला घरी का गेला नाहीस रे?’’

तो काही सांगू लागतो. आई ऐकून घेत नाही. म्हणते, ‘‘आधी वर ये.’’